शेत राखून शिकता येते

(मुखेड येथे बारावी उत्तीर्ण विद्यार्थी व पालक यांच्या मेळाव्यात एका निवृत्त प्राध्यापकांनी केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



मृगाचे दिवस आहेत. या सभागृहात बसलेल्या निम्म्या पालकांचे लक्ष आभाळाकडे आहे, याची मला कल्पना आहे. सोयाबीनच्या बियाण्याची पिशवी, खताचे पोते आणि मुलाची प्रवेश फी या तिन्हींसाठी पैसा एकाच महिन्यात लागतो. शहरातल्या नोकरदाराला या गाठीचा ताण कळणार नाही. मुखेड तालुक्यातील कोरडवाहू शेतकऱ्याला तो न सांगता कळतो.

संयोजकांनी मला ‘करिअर मार्गदर्शन’ असा विषय दिला होता. त्यांची अनुमती घेऊन मी तो थोडा आटोपशीर केला आहे. मला आज एकाच प्रश्नावर बोलायचे आहे. शेत न विकता, कर्जात न बुडता आपले मूल चांगल्या विद्यापीठात शिकू शकते काय? माझे उत्तर ‘होय’ असे आहे. मात्र त्यासाठी आपल्या मनात घट्ट बसलेल्या काही समजुती सोडाव्या लागतील, आणि काही कामे निकालाच्या आधी वर्षभर करावी लागतील.

एक बैल आणि दीड एकर

मी याच तालुक्यातल्या एका लहान गावचा. १९७२ च्या दुष्काळात माझे वडील खडी फोडायला जात आणि आम्ही भावंडे सुकडीच्या वाटपाची वाट पाहत असू. त्यानंतरच्या वर्षी मी नांदेडला महाविद्यालयात दाखल झालो आणि पुढे पदव्युत्तर शिक्षणासाठी तेव्हाच्या औरंगाबादला, मराठवाडा विद्यापीठात गेलो. त्या साऱ्या शिक्षणापायी वडिलांना एक लाल कंधारी बैल विकावा लागला. त्याचे दुःख घरात पुष्कळ दिवस होते. पण शेत राहिले. फी माफक होती, वसतिगृह होते, ग्रंथालयात पुस्तके होती आणि शंका घेऊन गेलो तर दार उघडणारे प्राध्यापक होते. मी पुढे तीस वर्षांहून अधिक काळ शिकवले, ते त्या एका बैलाच्या किमतीवर.

आता दुसरी हकीकत. ती सांगताना मला संकोच वाटतो, तरी सांगतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या भावाच्या मुलाला एका दूरच्या मोठ्या शहरातील खासगी संस्थेत अभियांत्रिकीला घालायचे ठरले. शासकीय महाविद्यालयात त्याला प्रवेश मिळत होता, पण मनासारखी शाखा मिळत नव्हती. संस्थेची पत्रिका गुळगुळीत कागदावर छापलेली होती. भावाने विहिरीलगतचे दीड एकर विकायला काढले आणि मला विचारले, “तुझे काय मत?” घरातला शिकलेला मी. सार्वजनिक संस्थेत शिकून उभा राहिलेला मी. घरात वाद नको म्हणून मी म्हणालो, “तुम्हाला योग्य वाटेल ते करा.”

त्या संस्थेचे नाव घेण्याचे कारण नाही; दोष तिचा एकटीचा नव्हता. दरवर्षी नवनव्या नावांखाली शुल्क वाढत गेले आणि शेवटच्या वर्षी व्याजाने पैसे काढावे लागले. मुलगा कष्टाळू होता, पदवी मिळाली, नोकरीही मिळाली. परंतु त्याच्या पगाराचा मोठा हिस्सा कित्येक वर्षे व्याजात गेला. ते दीड एकर परत आले नाही. मी गप्प बसलो, त्याची किंमत माझ्या भावाने मोजली.

विद्यापीठासाठी झगडलेला प्रदेश

तरुण मित्रांनो, आज तुमच्यापुढे विद्यापीठांच्या जाहिरातींचा ढीग आहे. तुमच्या पणजोबांच्या पिढीत या भागात एकही विद्यापीठ नव्हते. नांदेड जिल्हा निजामी राजवटीत होता. उच्च शिक्षण म्हणजे हैदराबाद. आणि तेथे १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षण उर्दू माध्यमातून चाले. घरात मराठी बोलणाऱ्या मुलाला आधी परकी भाषा पचवावी लागे, मग विषय. १९३८ मध्ये औरंगाबाद आणि हैदराबाद येथील विद्यार्थ्यांनी वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आग्रह धरला. त्यापायी त्यांना शिक्षणास मुकण्याची पाळी आली. तेव्हा नागपूर विद्यापीठाने त्यांना सामावून घेतले. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्याच चळवळीतले. त्यांनी कायद्याची पदवी नागपुरात घेतली.

नागपूरचे विद्यापीठ त्या मुलांचे कोण लागत होते? प्रांत वेगळा, राज्य वेगळे. तरीही दार उघडले गेले, कारण विद्यापीठ ही समाजाची वास्तू असते ही जाणीव तेथे जागी होती. ही जाणीव या भूमीला नवी नाही. नालंदेच्या खर्चासाठी गावांचे उत्पन्न लावून दिलेले होते, असे चिनी यात्रेकरूंनी नोंदवून ठेवले आहे. शेतकऱ्याच्या धान्यावर विद्यार्थी शिकत होता. १९१६ साली काशीचे हिंदू विश्वविद्यालय उभे राहिले तेही पंडित मदनमोहन मालवीयांनी देशभर फिरून जमवलेल्या देणग्यांवर.

मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते २३ ऑगस्ट १९५८ रोजी, मुक्तीनंतर दहा वर्षांनी. परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये आले. नांदेडचे विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मुक्तिसंग्राम दिनी स्थापन झाले आणि त्याला स्वामी रामानंद तीर्थांचे नाव दिले गेले. स्वामीजी राजकीय लढ्याचे नेते होते हे सर्वांना ठाऊक असते. ते मुळात शिक्षक होते, हिप्परगा आणि अंबाजोगाई येथील राष्ट्रीय वृत्तीच्या शाळांतून त्यांनी मुले घडवली, हे पुष्कळदा विसरले जाते. नांदेडमध्ये १९५० साली पीपल्स कॉलेज निघाले, त्यामागेही त्यांचीच प्रेरणा होती. अशा तपश्चर्येतून उभ्या राहिलेल्या संस्थांना आपण सहजपणे ‘सरकारी म्हणजे सुमार’ म्हणतो, तेव्हा आपण आपल्याच मिळकतीला नावे ठेवत असतो.

विद्यापीठ हा एकच शब्द, संस्था चार प्रकारच्या

आता व्यवहाराकडे येऊ. आज ‘विद्यापीठ’ हा शब्द चार निरनिराळ्या प्रकारच्या संस्थांना लावला जातो आणि पालकांची गफलत तेथेच होते.

पहिला प्रकार राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठांचा. नांदेड, छत्रपती संभाजीनगर, पुणे, कोल्हापूर, मुंबई ही विद्यापीठे २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाखाली चालतात. येथे साधारणपणे पदवीचे शिक्षण संलग्न महाविद्यालयात होते आणि पदव्युत्तर शिक्षण विद्यापीठाच्या परिसरातील विभागांत. म्हणजे मुखेडच्या किंवा नांदेडच्या महाविद्यालयात कमी खर्चात बी.एस्सी. केलेला विद्यार्थी पुढे विष्णुपुरीच्या संकुलात, संभाजीनगरात किंवा पुण्याच्या विद्यापीठात एम.एस्सी.साठी जाऊ शकतो. पदवी घराजवळ आणि पुढचे शिक्षण मोठ्या परिसरात, हा मार्ग माझ्या पिढीने चोखाळला आणि तो आजही खुला आहे.

दुसरा प्रकार केंद्रीय विद्यापीठांचा. येथे अनेक ठिकाणी बारावीनंतर थेट परिसरातच प्रवेश मिळतो. नकाशा उघडून पाहा. हैदराबाद आपल्याला पुण्यापेक्षा पुष्कळ जवळ आहे. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात बारावीनंतरचे पाच वर्षांचे एकात्मिक अभ्यासक्रम आहेत. कलबुर्गीजवळ २००९ पासून कर्नाटकाचे केंद्रीय विद्यापीठ आहे. आपले आजोबा कोर्टकचेरीसाठी हैदराबादला जात. नातवंडांना मात्र ते शहर परके वाटते. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठी सीयूईटी ही सामायिक परीक्षा आहे आणि ती मराठीतूनही देता येते. मात्र तिचे अर्ज बारावीचा निकाल लागण्याच्या पुष्कळ आधी भरावे लागतात. निकालानंतर जागे होणाऱ्यास ही गाडी चुकते. येथे अकरावीतली मुले बसली असतील, त्यांनी हे आजच वहीत लिहून ठेवावे.

तिसरा प्रकार खासगी विद्यापीठांचा आणि चौथा अभिमत विद्यापीठांचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजसारख्या काही अभिमत संस्था सार्वजनिक पैशावर चालतात, परंतु बहुसंख्य खासगी आहेत. त्यांतही चांगल्या संस्था आहेत, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. पण एक गोष्ट त्यांच्या पत्रिकेत ठळक छापलेली नसते. राज्य शासनाची शुल्क सवलत प्रामुख्याने शासकीय, अनुदानित व विनाअनुदानित महाविद्यालयांत केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी असते. खासगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे तिच्यातून वगळलेली आहेत. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. तिलाही हीच अट आहे. कोणी ‘सीईटीच्या रांगेत कशाला थांबता, थेट प्रवेश देतो’ म्हणाला आणि आपण व्यवस्थापन कोट्यातून आत गेलो, की ही माफी आपण स्वतःच्या हाताने सोडून दिली असे समजावे.

आणि ज्या संस्थेचे नावच नवीन वाटते, तिची खात्री करून घ्या. १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्यानुसार पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापन झालेल्या किंवा अभिमत दर्जा मिळालेल्या विद्यापीठांना आहे. बनावट विद्यापीठांची यादी आयोग वेळोवेळी प्रसिद्ध करतो.

एका कागदावरचा हिशेब

आपण फीची तुलना करतो, पण संपूर्ण खर्चाची करत नाही. घरी गेल्यावर एक कोरा कागद घ्या. वर अभ्यासक्रमाची वर्षे लिहा. त्याखाली फी, वसतिगृह किंवा खोलीचे भाडे, खानावळ, प्रवास, पुस्तके-प्रयोगसाहित्य असे रकाने करा आणि सगळ्या वर्षांची बेरीज मांडा. पहिल्या वर्षाची फी पाहून निर्णय घेऊ नका. ती शेवटच्या वर्षापर्यंत किती होते ते लेखी विचारा. उलट बाजूनेही तपासा. सार्वजनिक संस्थेची फी कमी असली, पण वसतिगृहात जागा नसली, तर मोठ्या शहरात खोली आणि खानावळीचा खर्च फीपेक्षा जड होतो. म्हणून वसतिगृहाचा प्रश्न पहिला विचारायचा, शेवटचा नव्हे.

याच कागदावर कर्जाचे गणित करा. दहा लाखांचे कर्ज दहा टक्क्यांनी घेतले, तर नुसते व्याज वर्षाला एक लाख होते; म्हणजे महिन्याला आठ हजारांहून अधिक, आणि मुद्दल जागच्या जागी. आपल्या मुलाचा पहिला पगार किती असेल, याचा विचार करून मगच सही करावी. शैक्षणिक कर्ज वाईट नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांतील प्रवेशासाठी तारणाशिवाय कर्जाची सोय आहे. पण शेत किंवा सावकार हा कर्जाचा पहिला मार्ग असता कामा नये.

सवलतीही त्याच कागदावर लिहा. अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार, अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् आणि इतर मागास व भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. आपल्या तालुक्यातील तांड्या-तांड्यांवर ही शेवटची योजना पोहोचली पाहिजे. शिवाय विद्यापीठांत ‘कमवा आणि शिका’ योजना असते. दिवसाचे काही तास काम करून खानावळीचा भार हलका करता येतो, आणि त्यात कमीपणा मुळीच नाही. या योजनांसाठी आपापल्या प्रवर्गानुसार उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, जात वैधता प्रमाणपत्र लागते. ही कागदपत्रे अकरावीतच तयार करा. वैधता प्रमाणपत्र वेळेत न आल्याने हातचा प्रवेश गमावलेली मुले मी डोळ्यांनी पाहिली आहेत.

गर्दीत हरवू नये म्हणून

“मोठ्या सरकारी विद्यापीठात मुलाकडे कोण लक्ष देणार?” असे पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. मीही त्या व्यवस्थेत आयुष्य काढले आहे. तिचे दोष झाकणार नाही. प्राध्यापकांची पदे वर्षानुवर्षे रिकामी राहतात. निकाल लांबतात. एका दाखल्यासाठी तीन खिडक्या फिराव्या लागतात. म्हणून विद्यापीठाच्या नावाकडे पाहण्यापेक्षा विभागाकडे पाहा. प्रवेशाआधी एक दिवस एसटीने विष्णुपुरीला जा. तेथे साडेपाचशे एकरांच्या परिसरात विद्यापीठ आहे आणि जवळच १९८१ साली स्थापन झालेली श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था आहे. मुलाला, मुलीला बरोबर न्या. विभागात जाऊन तीन गोष्टी विचारा : कायमस्वरूपी शिक्षक किती आहेत, प्रयोगशाळा व ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे असते, आणि गेल्या तीन वर्षांचे विद्यार्थी आज कोठे आहेत. कार्यालयात विचारून झाले की हाच प्रश्न बाहेर चहाच्या टपरीवर उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांना विचारा. उत्तर जुळले तर ठीक.

आणि विद्यार्थी मित्रांनो, एक गोष्ट तुमच्यासाठी. खासगी संस्था तुम्हाला ग्राहक समजते, म्हणून ती तुमच्या मागे येते. सार्वजनिक विद्यापीठात तुम्हाला स्वतः उठून जावे लागते. पुण्याच्या विद्यापीठात जयकर ग्रंथालय आहे. तेथे कोणी तुम्हाला हाताला धरून नेणार नाही, पण तुम्ही गेलात तर कोणी अडवणारही नाही. प्राध्यापकाचे दार वाजवा. पहिल्या दोन महिन्यांत एका तरी शिक्षकाला तुमचे नाव आणि गाव ठाऊक झाले पाहिजे. माझ्याबाबतीत तेच घडले, म्हणून मी शिकलो. गर्दीत हरवतो तो न विचारणारा.

अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातसुद्धा राज्य विद्यापीठे आपल्या राज्यातील मुलांना बाहेरच्यांपेक्षा कमी शुल्क आकारतात, कारण त्यांचे आईबाप त्या राज्याला कर देतात. काडेपेटी विकत घेतानाही आपण कर भरतो. त्या करावर चाललेल्या विद्यापीठात आपण याचक म्हणून जात नाही.

समाजाचे काम

शासन, विद्यापीठ आणि पालक यांच्याइतकीच समाजाचीही जबाबदारी आहे. मुखेडची माणसे आज नांदेड, संभाजीनगर, पुणे, हैदराबाद येथे नोकरी-व्यवसायात स्थिरावली आहेत. गावातून नवे मूल आले तर पहिले आठ दिवस त्याला आपल्या घरी ठेवणे, प्रवेशाच्या रांगेत त्याच्याबरोबर उभे राहणे एवढे तरी आपण करू शकतो. मुलींच्या बाबतीत तर हे फार आवश्यक आहे. कितीतरी गुणी मुलींचे शिक्षण फीमुळे थांबत नाही, ‘तिकडे आपले कोण आहे?’ या एका प्रश्नापाशी थांबते. त्या शहरात आपल्या तालुक्यातले एक घर तिच्यासाठी उघडे आहे, एवढे तिच्या आईला कळले की पुढची वाट मोकळी होते.

संयोजकांना माझी एक विनंती आहे. आज प्रत्येक गुणवंताला शाल आणि स्मृतिचिन्ह दिले गेले. पुढील वर्षी त्याऐवजी पाच गरजू मुलांच्या पहिल्या महिन्याच्या खानावळीचे पैसे द्यावेत. शाल कपाटात जाते. पहिला महिना मात्र मुलाच्या कायम स्मरणात राहतो.

शेवटी पुन्हा घरातले सांगतो. त्याच थोरल्या भावाची नात यंदा बारावी झाली. तिला पदार्थविज्ञानाची ओढ आहे. शाळेतल्या शिक्षकांनी वेळेत सांगितल्यामुळे तिने सीयूईटीचा अर्ज भरला, परीक्षा दिली, आणि निकालाची वाट पाहत आहे. तेथे जमले तर हैदराबाद. नाही जमले तर नांदेडला बी.एस्सी. आणि मग विद्यापीठाचा विभाग. दोन्ही वाटांचा हिशेब आम्ही एका कागदावर मांडला. परवा भावाने मला पुन्हा तोच प्रश्न विचारला, “तुझे काय मत?” या वेळी मी गप्प राहिलो नाही. म्हणालो, “दादा, उरलेले शेत विकायचे नाही. पोरीला मात्र पाठवायचे.” वहिनींच्या चेहऱ्यावरची काळजी अजून गेलेली नाही. ती जाईल, असे आपण सर्वांनी मिळून वागायचे आहे.